तालुक्याच्या कॉलेजातून परदेशी विद्यापीठात: मानव्यविद्येच्या व्हिजिटिंग फेलोशिपचा अर्ज कसा करावा

व्हिजिटिंग फेलोशिप म्हणजे परदेशी विद्यापीठात काही आठवडे किंवा महिने राहून संशोधन करायची संधी. तिचा अर्ज निवड समितीपुढे गेला की पहिला प्रश्न एकच असतो: हे काम या माणसानं इथंच येऊन का करायचं? दारव्हा, अचलपूर, ब्रह्मपुरी किंवा रिसोडच्या महाविद्यालयात मराठी, इतिहास, समाजशास्त्र शिकवणाऱ्यांचे अर्ज इंग्रजी कच्चं म्हणून कमी आणि या प्रश्नाचं उत्तर नाही म्हणून जास्त पडतात. उत्तर तर हाताशीच असतं. विदर्भाचा अर्धा कागद इथल्या मठांत, वाड्यांत आणि माणसांच्या तोंडी आहे, उरलेला लंडन-एडिनबराच्या कपाटांत. हे दोन्ही अर्धे एकत्र वाचू शकेल असा माणूस तुम्ही आहात, एवढं दीड हजार शब्दांत पटवून द्यायचं असतं.

तयारीला मात्र दीड वर्ष धरा. निवडीचे सहा-आठ महिने, रजेच्या मंजुरीचे तीन-चार, विसाचे दोन, आणि या सगळ्याच्या आधी यजमान प्राध्यापक मिळवण्याचे चार.

कोणती फेलोशिप कोणासाठी

पूर्ण मानधनाच्या फेलोशिपांत आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असलेली म्हणजे अमेरिकेसाठीची फुलब्राइट-नेहरू. अनुभवी प्राध्यापकांसाठी तिचा 'अ‍ॅकॅडमिक अँड प्रोफेशनल एक्सलन्स' हा प्रकार आहे. पीएच.डी. आणि किमान ५ वर्षांचा अध्यापन-संशोधनाचा अनुभव लागतो, आणि मुक्काम काही महिन्यांचा असतो. जर्मनीच्या हुम्बोल्ट फाउंडेशनच्या फेलोशिपला ठरावीक अंतिम तारीख नाही, वर्षभर केव्हाही अर्ज करता येतो. पण जर्मनीतल्या यजमानाची संमती आधी हातात हवी. पीएच.डी. होऊन चार वर्षं झाली नसतील तर पोस्टडॉक गट, बारा वर्षांपर्यंत अनुभवी गट. हा काळ पीएच.डी.च्या तारखेपासून मोजतात, नोकरीच्या तारखेपासून नाही; ही गल्लत बरेच जण करतात. डाड या जर्मन संस्थेची प्राध्यापकांसाठी १ ते ३ महिन्यांची संशोधन-भेट योजना आहे. ब्रिटनसाठी चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्टची छोटी अनुदानं आहेत, ती थोड्या आठवड्यांच्या ग्रंथालयीन कामाला नेमकी पुरतात.

याशिवाय बिनपगारी 'व्हिजिटिंग स्कॉलर' हा प्रकार असतो. विद्यापीठ ग्रंथालयाचं कार्ड देतं, बसायला जागा देतं, पैसे देत नाही. काही ठिकाणी उलट शुल्क घेतात. घरून पैसे घालून अमेरिकेत सहा महिने राहायचा बेत कोणी करत असेल तर करू नये. विसासाठी खर्चाची तजवीज कागदावर दाखवावी लागते आणि त्यातून कर्ज होतं.

तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांनी स्वतःला यातून वगळू नये. अर्जदाराची नोकरी कायम हवी अशी अट प्रत्येक ठिकाणी नसते, पीएच.डी. आणि प्रकाशित काम मात्र सगळीकडे पाहतात. उन्हाळी सुटीत बसेल असं दीड महिन्याचं अनुदान हे तुमच्यासाठी पहिलं पाऊल. त्यात सत्राची नेमणूकही जात नाही.

एक खूण लक्षात ठेवा. निवड झाली आहे, आता 'प्रोसेसिंग फी' भरा, असा ईमेल आला तर तो खोटा. खरोखर शुल्क घेणारं विद्यापीठ ते आपल्या संकेतस्थळावर आधीच छापतं आणि त्याचा ईमेल विद्यापीठाच्या पत्त्यावरून येतो, जीमेलवरून येत नाही.

विषय: इथला कागद, तिथला कागद

'विदर्भातील आदिवासींचे लोकसाहित्य: एक चिकित्सक अभ्यास' हे शीर्षक इथल्या चर्चासत्रात चालून जातं, तिथं पहिल्या फेरीत बाजूला पडतं. त्यात प्रश्न नाही, काळ नाही, कोणता कागद वाचणार ते नाही.

आता हाच विषय असा मांडून पाहा. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आला आणि १८६३ मध्ये टाकळघाटजवळ बुडून वारला. त्यानं जमवलेले कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापले. त्यात प्रधान जमातीच्या (गोंडांच्या पारंपरिक गायकांच्या) गायकाकडून उतरवून घेतलेली लिंगो या गोंडांच्या पुराणपुरुषाची गाथा मूळ गोंडी आणि इंग्रजी अशा दोन्ही रूपांत आहे. हिस्लॉप ज्या फ्री चर्चचा होता, त्याच्या परदेशी मिशनचा पत्रव्यवहार एडिनबराच्या नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडमध्ये आहे. गडचिरोली जिल्ह्यात लिंगोची गाणी आजही म्हटली जातात. मग प्रश्न असा होतो: १८६६ च्या छापील पाठात काय गळलं, काय बदललं, आणि आजच्या गायकांच्या पाठाशी तो कुठं जुळतो? असा अर्ज वाचताना एडिनबराच का हे विचारायची गरज समितीला उरत नाही. तिथल्या विद्यापीठात मानव्यविद्येची प्रगत अध्ययन संस्था आहे, ती बाहेरच्या अभ्यासकांना फेलो म्हणून घेते, हेही ओघानं येतं.

अशा जोड्या आणखी आहेत. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेलं. तेव्हापासूनचे सरकारी कागद ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये पाहायचे, आणि कापसाच्या जुन्या जिन, अडत्यांच्या वह्या, देशमुखांच्या घरचे मोडी कागद इथं शोधायचे. मानववंशशास्त्रज्ञ फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी आदिलाबादच्या राजगोंडांत काम केलं. त्यांचे फोटो आणि रोजनिशा लंडनच्या सोआसमध्ये (आशिया-आफ्रिकेच्या अभ्यासाची विद्यापीठीय संस्था) आहेत, आणि राजुरा, जिवती भागातली नाती आदिलाबादपलीकडे आजही आहेत. महानुभाव पंथाच्या पोथ्यांवर सोआसच्या रेसाइड यांनी १९६० मध्ये सूची छापली; अमेरिकेतल्या अॅन फेल्डहाउस यांनी रिद्धपूर आणि पंथावर आयुष्यभर काम केलं. म्हणजे या विषयाला तिथं वाचक आहेत. महानुभावांची सांकेतिक सकळ लिपी किंवा मोडी सराईतपणे वाचता येत असेल तर ते सीव्हीच्या पहिल्या पानावर लिहा. इथं त्याचं कौतुक नसेल, तिथं अशी माणसं बोटांवर मोजण्याइतकी असतात.

अर्जाआधी त्या संग्रहाची ऑनलाइन यादी उघडून नेमके बस्ता-क्रमांक टिपून घ्या. प्रस्तावात दोन-तीन क्रमांक आले की अर्जाचं वजन बदलतं. आणि जो कागद आधीच स्कॅन होऊन इंटरनेटवर आहे तो वाचायला जायचं म्हणू नका. समितीतल्या कोणाला तरी ते ठाऊक असतंच.

यजमानाला पहिला ईमेल

चाळीस प्राध्यापकांना एकच ईमेल पाठवणं हा हमखास नापास होण्याचा मार्ग. एका विभागातले दोघं-तिघं एकमेकांना दाखवतात आणि तिघंही उत्तर देत नाहीत. तीन-चार नावं निवडा, प्रत्येकाचा किमान एक लेख पूर्ण वाचा, मग लिहा.

ईमेल दोनशे शब्दांच्या आत. पहिल्या दोन ओळींत तुम्ही कोण, कुठं शिकवता आणि कोणता कागद वाचायचा आहे. मग त्यांच्या लेखातला नेमका कोणता मुद्दा तुमच्या कामाला लागतो ते एका वाक्यात. मग कोणत्या फेलोशिपसाठी, कोणत्या महिन्यांत, किती काळ. शेवटी त्यांच्याकडून काय हवं: फक्त निमंत्रणपत्र, की विभागात जागाही. सोबत एक पानी टिपण आणि सीव्ही, दोन्ही पीडीएफ. 'रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट' ही सुरुवात टाळा. 'डियर प्रोफेसर' आणि आडनाव पुरे. कॉलेजचा ईमेल पत्ता असेल तर तोच वापरा.

युरोपात ऑगस्टमध्ये लोक सुटीवर असतात आणि डिसेंबरच्या मध्यानंतर कोणी ईमेल उघडत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर किंवा फेब्रुवारी बरा. तीन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एक आठवण, त्यानंतर दुसरं नाव.

प्रस्ताव, आणि दिवसांचा हिशेब

दीड हजार शब्द असतील तर साधारण वाटणी अशी ठेवा: प्रश्न २००, आधी काय झालंय २५०, कोणता कागद आणि तो कसा वाचणार ४००, तेच विद्यापीठ का २५०, वेळापत्रक २५०, हाती काय येणार १५०. आपल्याकडच्या प्रस्तावांत 'आधी काय झालंय' आणि संशोधनाचं महत्त्व यांतच हजार शब्द जातात आणि वेळापत्रकाला चार ओळी उरतात. समिती वेळापत्रक बारकाईनं वाचते, कारण या माणसानं असं काम पूर्वी केलंय की नाही ते तिथं कळतं.

हिशेब करून पाहा. तीन महिने म्हणजे १३ आठवडे. पहिला आठवडा नोंदणी, बँक, कार्ड यांत जातो, शेवटचा आवराआवरीत. दोन आठवडे व्याख्यान, सुट्या, आजारपण यांना सोडा. उरले ९ आठवडे, आठवड्याला पाच दिवस, म्हणजे ४५ दिवस. एकोणिसाव्या शतकातलं हस्ताक्षरी इंग्रजी सवय झाल्यावर दिवसाला पंचवीसेक पानं टिपणांसह वाचून होतं, म्हणजे सगळे मिळून ११२५ पानं. मोडी असेल तर आकडा निम्म्याखाली आणा. ज्यानं तीन महिन्यांत 'संपूर्ण मिशन पत्रव्यवहार' वाचायचं लिहिलं, त्याचा अर्ज या हिशेबातच पडला.

हाती येणारी गोष्टही एवढ्याच मापाची हवी: एक लेख, एक व्याख्यान, पाठांची एक तुलनात्मक यादी. तीन महिन्यांत पुस्तक होत नाही.

प्रस्ताव आधी मराठीत लिहून मग शब्दाला शब्द इंग्रजी करू नका. मराठीत नीट विचार करा, मुद्दे मराठीत मांडा, पण वाक्यं इंग्रजीत छोटी छोटी नव्यानं लिहा. शेवटचा खर्डा विषयाबाहेरच्या कुणाला तरी, उदाहरणार्थ कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या सहकाऱ्याला वाचायला द्या. त्याला प्रश्न कळला नाही तर समितीतल्या निम्म्या लोकांनाही कळणार नाही, कारण तेही वेगवेगळ्या विषयांचे असतात.

सीव्ही आणि शिफारसपत्रं

वडिलांचं नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, पदोन्नतीसाठीचे एपीआय गुण, साठ चर्चासत्रांची प्रमाणपत्रं यातलं काहीही नको. शिक्षण, अध्यापन, प्रकाशनं, भाषा आणि लिप्या, क्षेत्रकाम. तीन पानांत बसवा. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या जर्नलांतले लेख यादीत घालू नका. असे दहा लेख त्या यादीतल्या एका चांगल्या लेखालाही खाली ओढतात. मराठी लेख जरूर घाला, शीर्षकाचं इंग्रजी भाषांतर सोबत देऊन.

शिफारसपत्रं बहुधा तीन लागतात, आणि ती लिहिणाऱ्याच्या ईमेलवर आलेल्या लिंकवरून त्यालाच चढवावी लागतात. निवृत्त मार्गदर्शक गावी असतात, ईमेल नातू पाहतो, लिंक स्पॅममध्ये जाते आणि मुदत संपते. हे फार वेळा घडतं. सहा आठवडे आधी भेटा, लिंक आल्याच्या दिवशी फोन करा, जमलं तर शेजारी बसून चढवून घ्या. 'तू लिहून आण, मी सही करतो' असं सर म्हणाले तर मुद्द्यांची यादी द्या, पत्र नको. तिन्ही पत्रं तुमच्याच इंग्रजीत आली तर वाचणाऱ्याला दुसऱ्याच परिच्छेदात कळतं. तिघांपैकी एक तरी तुमच्या विद्यापीठाबाहेरचा असावा.

अंतिम मुदतीची वेळ आपल्या घड्याळात लिहून ठेवा. न्यूयॉर्कची रात्रीची ११:५९ म्हणजे उन्हाळ्यात आपली दुसऱ्या दिवशी सकाळची ९:२९, हिवाळ्यात १०:२९. जर्मनीची तीच वेळ आपली पहाटे ३:२९ किंवा ४:२९. तरी शेवटच्या रात्रीवर ठेवूच नका. जुलैत वाऱ्या-पावसात लाइन जाते, मोबाइलचा टॉवरही बसतो. तीन दिवस आधी अर्ज पाठवून मोकळं व्हा.

रजा: सगळ्यात जास्त वेळ इथं जातो

अर्ज करतानाच प्राचार्यांचं ना-हरकत पत्र घ्या. निवड झाल्यावर मागायला गेलं की 'आधी का सांगितलं नाही' इथून सुरुवात होते. अनुदानित महाविद्यालयात कागद प्राचार्य, महाविद्यालय विकास समिती, संस्था, विद्यापीठ आणि विभागीय सहसंचालक, उच्च शिक्षण (अमरावती किंवा नागपूर) या वाटेनं जातो. प्रत्येक टेबलावर तो आपल्या पायांनी चालत नाही. आवक क्रमांक आणि तारीख टिपत जा.

पगाराबाबत नियम तुमच्या बाजूचा आहे, तो प्राचार्यांना दाखवा. २०१८ च्या यूजीसी विनियमांत म्हटलंय की परदेशातल्या संस्थेत संशोधनासाठी मिळालेली फेलोशिप मूळ संस्थेच्या पगाराशी जोडायची नाही. त्या काळाचा पगार मिळतो, फक्त तिथं अध्यापनासारखं दुसरं पगारी काम करायचं नाही. राज्यानं हे विनियम ८ मार्च २०१९ च्या शासन निर्णयानं स्वीकारले. दोन्ही कागदांच्या प्रती रजेच्या अर्जालाच जोडा. बऱ्याच ठिकाणी टेबलावरच्या बाबूंनी तो परिच्छेद पाहिलेला नसतो आणि बिनपगारी रजेचा प्रस्ताव पुढं सरकतो.

रजेच्या अर्जासोबत निमंत्रणपत्र, फेलोशिपचं पत्र, तुमच्या तासांची सोय कोण करणार त्याचं लेखी वेळापत्रक, विभागीय चौकशी प्रलंबित नसल्याचा दाखला आणि परत रुजू होण्याचं हमीपत्र हवं. तासांची सोय तुम्ही स्वतः जमवून नेलीत तर अर्धी हरकत तिथंच संपते. कॉलेजच्या मूल्यांकनासाठी नॅकची भेट येऊ घातलेली असेल तर ती तारीख विचारून मगच फेलोशिपचे महिने ठरवा.

पासपोर्ट, नाव आणि विसा

इथं एक गोष्ट बारकाईनं पाहा: नावाची स्पेलिंगं. दहावीच्या सनदेवर वानखडे, पदवीवर वानखेडे, आधारवर तिसरंच. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. लग्नानंतर नाव बदललेल्या प्राध्यापिकांची पीएच.डी. एका नावावर आणि पगारपत्रक दुसऱ्या. सगळे कागद टेबलावर मांडून स्पेलिंग ओळीनं वाचा. फरक असेल तर राजपत्रात नावबदल छापून घ्या किंवा दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करा, आणि अर्जात सुरुवातीपासून पासपोर्टवरचंच नाव वापरा. पासपोर्टवर आडनावाची जागा कोरी असेल तर अर्जाआधीच दुरुस्त करा. ३६ पानी पासपोर्टचं साधं शुल्क १५०० रुपये आहे.

अमेरिकेसाठी जे-१ विसा. विद्यापीठ किंवा फेलोशिप देणारी संस्था डीएस-२०१९ हा कागद पाठवते, त्यानंतर विसाची वेळ घ्यायची. त्यावर 'शॉर्ट-टर्म स्कॉलर' लिहिलंय की 'रिसर्च स्कॉलर' ते वाचा. पहिल्यात सहा महिन्यांच्या वर मुक्काम वाढत नाही. दुसऱ्यात वाढतो, पण तो कार्यक्रम संपल्यावर चोवीस महिने पुन्हा रिसर्च स्कॉलर म्हणून जाता येत नाही. दीड महिन्याच्या भेटीसाठी दुसरा प्रकार लावून घेणं म्हणजे पुढची मोठी संधी घालवणं. इंग्रजीची खात्री विद्यापीठाला करून घ्यावीच लागते. परीक्षेऐवजी व्हिडिओ मुलाखत चालत असेल तर ती मागा, आणि स्वतःच्या प्रस्तावावर दहा मिनिटं न अडखळता बोलायचा सराव करा. विम्याची किमान रक्कम दर आजाराला किंवा अपघाताला १ लाख डॉलर असावी लागते. फुलब्राइटवर गेलेल्यांना परतल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट लागते.

मुलाखत मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत. बोटांचे ठसे आणि फोटो बहुधा त्याच्या आदल्या दिवशी दुसऱ्या केंद्रात, म्हणून मुक्काम दोन दिवसांचा धरा. विदर्भ एक्सप्रेसनं सकाळी उतरून त्याच सकाळची वेळ घेऊ नका. गाडी दोन तास उशिरा आली की वेळ हुकते. ब्रिटनला सहा महिन्यांच्या वर जायचं असेल तर क्षयरोगाची तपासणी त्यांनी नेमलेल्या केंद्रातच करावी लागते.

पोथी बॅगेत घालू नका

हे ठळक सांगायला हवं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात साहित्यिक किंवा ऐतिहासिक मोलाचं ७५ वर्षांहून जुनं हस्तलिखित हे पुरावस्तूत मोडतं, आणि ते परवानगीशिवाय देशाबाहेर नेणं गुन्हा आहे. पोथी घरची असली तरीही. न्यायचे ते स्कॅन. चारशे डीपीआय, टिफ स्वरूपात, बाजूला मोजपट्टी ठेवून. पोथीवर सरळ ऊन नको, ओसरीवरच्या सावलीत दुपारी बाराच्या आत चांगलं काम होतं. पानं सुटी असतील तर फोटोचा क्रम आणि पानाचा क्रम एका वहीत जुळवून लिहा. परदेशात बसून तो क्रम लावता येत नाही. मठाधिपतींची किंवा घरधन्याची लेखी परवानगी घ्या, त्यात अभ्यासासाठी आणि छापण्यासाठी अशा दोन वेगळ्या ओळी असू द्या. गाणी ध्वनिमुद्रित केली असतील तर गायकाची संमती त्याच्याच भाषेत ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला बोलून घ्या. सगळ्याच्या दोन प्रती दोन डिस्कवर, एक हातातल्या बॅगेत, एक घरी.

तिथल्या वाचनकक्षात पेन चालत नाही, पेन्सिल न्या. फोनवर फोटो बहुतेक ठिकाणी काढू देतात, पण छापायची परवानगी वेगळी. प्रत्येक फोटोआधी बस्ता-क्रमांकाच्या चिठ्ठीचा एक फोटो घ्या, नाहीतर दोन हजार फोटोंत कोणतं पत्र कुठलं ते कळणार नाही.

पैसे

पहिलं मानधन बँक खातं उघडल्यावर येतं, म्हणून चाळीस दिवसांचा खर्च फॉरेक्स कार्डवर सोबत हवा. जर्मनीत घरमालक तीन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत मागू शकतो, आणि राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते. विद्यापीठाचं अतिथिगृह स्वस्त पडतं, पण निवड झाली त्या आठवड्यातच अर्ज करावा लागतो. जाड कोट तिथंच जुन्या कपड्यांच्या दुकानात घ्या.

निघण्याच्या आधीच्या पंधरवड्यात मागवलेल्या प्रतींचे पैसे चुकते करा, छापण्याच्या परवानगीचे अर्ज तिथं असतानाच द्या आणि यजमानाकडून मुक्कामाच्या तारखांचा सहीशिक्क्याचा दाखला घ्या. कॉलेजात रुजू होताना तो लागतो. तो नसला की पगाराची फाइल सहसंचालक कार्यालयात अडकते. रुजू अहवाल रजा संपण्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच द्या, रविवार आला तर सोमवारी, आणि पोच घ्या. तिथून आणलेल्या फोटोंचा एक संच पोथीच्या घरधन्याला आणि गायकाच्या घरी पेन ड्राइव्हवर नेऊन द्या. घरी वयस्क माणसं असतील तर महत्त्वाची वीस-पंचवीस पानं मोठ्या अक्षरात छापून.